व्हिडिओ कॉलवर चेहरा तपासावा, की कॉल कट करून उलट फोन लावावा?

सॉफ्टवेअरने दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज लावून (याला 'डीपफेक' म्हणतात) भामटे ओळखीच्या माणसाच्या नावाने पैसे मागतात. पैसे मागणारा माणूस खरा आहे का, हे पडताळायचे दोन मार्ग सध्या सगळे सांगतात. एक म्हणजे 'व्हिडिओ कॉल कर' म्हणायचं, मान वळवायला लावायची, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगायचं. दुसरा म्हणजे कॉल कट करायचा आणि आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर आपणच फोन लावायचा. घरासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी एकच नियम ठरवायचा असेल, तर दुसरा ठरवा.

पहिल्यातही दम आहे. रेकॉर्ड केलेला खोटा व्हिडिओ बनवणाऱ्याच्या हाताशी वेळ असतो. बिघडलेला तुकडा तो कापतो, पुन्हा करतो. लाइव्हमध्ये ती सोय नाही. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम 33 मिलीसेकंद मिळतात. तेवढ्यात चेहरा शोधायचा, डोळे-नाक-ओठ पकडायचे, त्यावर दुसऱ्याचा चेहरा बसवायचा, खोलीतल्या उजेडाशी रंग जुळवायचा आणि कडा मिसळायच्या. शिवाय बदललेला आवाज ओठांशी जुळलेला हवा. समोरून हे सगळं बऱ्यापैकी जमतं. मान पूर्ण बाजूला वळली की अर्धा चेहरा दिसेनासा होतो, सॉफ्टवेअरला धरायला खुणा उरत नाहीत आणि गालाची, जबड्याची कड सरकते. चेहऱ्यासमोर हात आला की बोटं पुसट होतात किंवा गालात मिसळल्यासारखी दिसतात. ऑनलाइन मुलाखतींतल्या तोतयांबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून 2022 मध्ये इशारा दिला, त्यातही खोकला किंवा शिंक ऐकू येते आणि चेहरा मात्र तसा हलत नाही, ही खूण सांगितली होती.

मग चेहऱ्यावर भिस्त का ठेवू नये? कोझिकोडचं 2023 मधलं प्रकरण पाहा. एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर मेसेज आले, नात्यातल्या बाईच्या ऑपरेशनसाठी 40,000 रुपये हवे होते. त्यांनी शंका घेऊन व्हिडिओ कॉलच मागितला. कॉल आला, चेहरा अगदी जवळून दिसला, ओठ हलत होते, आणि काही सेकंदांत कॉल संपला. त्यांनी पैसे पाठवले. पुढे आणखी 35,000 मागितल्यावर त्यांनी मित्राच्या जुन्या नंबरवर फोन केला आणि तेव्हा सगळं उघडं पडलं. पैसे महाराष्ट्रातल्या एका बँक खात्यात गेले होते. एकाच माणसाने दोन्ही उपाय केले, पण आधी केलेला फसला आणि नंतरचा चालला.

यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की लाइव्ह सोंग वठवणं अवघड आहे हे भामट्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते ती वेळच येऊ देत नाहीत. कॉल छोटा ठेवतात, 'रेंज नाही' म्हणतात. 2024 मध्ये उघडकीस आलेल्या हाँगकाँगच्या प्रकरणात 'अरुप' या इंजिनीअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगनंतर 15 व्यवहारांत सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमध्ये त्याचे वरिष्ठ आणि सहकारी दिसत होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते चेहरे आधीच तयार केलेल्या व्हिडिओतले होते, त्याच्याशी खरा संवाद असा झालाच नाही. साहेबांना 'जरा मान वळवा' कोण म्हणणार?

'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे पोलीस किंवा अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच अटकेची भीती घालत पैसे उकळतात त्या फसवणुकीत, तर चेहरा तपासून काहीच हाती लागत नाही. तिथे गणवेश चढवून खराखुरा माणूस बसलेला असतो. तो मान वळवेल, हातही फिरवेल. तोतया आहे तो हुद्दा.

उलट फोनालाही उणिवा आहेत. मुलगा न्यू जर्सीत झोपलेला असतो, फोन उचलला जात नाही. अशा वेळी सुनेला किंवा त्याच्या रूममेटला लावा, आणि कोणीच मिळालं नाही तर पैसे सकाळपर्यंत थांबवा. नंबर मात्र त्या कॉलवर किंवा मेसेजमध्ये दिलेला नको, जुनाच हवा. सिम कोणी पळवलं असेल ही धास्ती असेल, तर घरातल्यांनाच माहीत असलेला एखादा प्रश्न विचारा. ऑफिसात अमुक रकमेच्या वर दोघांच्या होकाराशिवाय पेमेंट नाही, हे मालकानेच लेखी द्यावं, म्हणजे अकाउंट्समधल्या पोराला साहेबांना उलट फोन करताना संकोच वाटणार नाही.

चेहऱ्याची तपासणी कामाची ठरते ती समोरचा अनोळखी असेल तेव्हा, कारण तिथे उलट फोन लावायला जुना नंबरच नसतो. बँकांच्या व्हिडिओ केवायसीसाठी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, रिझर्व्ह बँकेने प्रश्नांचा क्रम किंवा प्रकार बदलता ठेवायला सांगितलं आहे, ते याचसाठी. तुम्ही भाडेकरू किंवा नोकरीचा उमेदवार पाहत असाल, तर असेच अचानक प्रश्न विचारा, मान वळवायला लावा आणि कॉल लांबवा.

पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत ती गोठवता येते.