चाकाची मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

नाशिकमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारला रुंद अलॉय आणि टायर टाकायचा विचार असेल, तर आधी हे वाचा आणि मग दुकानाची पायरी चढा. माझे 72 हजार गेले. शिवाय कसारा घाटात एखादं चाक निखळलं असतं, तर पैशांचं दुःख करायलाही मी उरलो नसतो.

गाडी 1971 ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची छोटी स्पोर्ट्स कार, वडिलांच्या काळापासून घरात. तिची मूळची रोस्टाइल (कारखान्यातून आलेली पोलादी) चाकं 14 इंची आणि 5 इंच रुंद, त्यावर आम्ही 165 मिलिमीटर रुंदीचे टायर वापरत होतो. मला 185 मिलिमीटर रुंदीचे, 185/70 आर 14 मापाचे टाकायचे होते. यात वावगं काही नाही. टायरची उंची जेमतेम दोनेक टक्क्यांनी कमी होते, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवतो, एवढंच. मागच्या मडगार्डात जागा मात्र फार तंग असते, त्यामुळे रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) यांत हयगय चालत नाही. हे सगळं मी कागदावर लिहूनच दुकानात दिलं होतं: चार बोल्ट, 114.3 पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), अमुक ऑफसेट.

दुकानदार गोड बोलणारा. "काका, तुमच्याच मापाचा सेट आलाय. 6 इंची, एकदम फ्रेश. टायर याच वर्षीचे." बिल मागितलं तर म्हणाला, "पक्क्या बिलाला उगाच जीएसटी पडेल, अर्धे रोख द्या, वॉरंटी माझ्या तोंडाची." मी पक्कं बिल हवं म्हणालो, तेव्हा नाइलाजाने फाडलं, पण त्यावर फक्त 'अलॉय टायर सेट व फिटिंग'. माप नाही, मेक नाही, काही नाही. तो बिलाला इतका का टाळत होता ते पुढे कळलं.

चाकं मात्र दिसायला झकास होती. कॉलेज रोडवर दोन पोरांनी थांबवून फोटो काढले. त्र्यंबक रोडला सातपूरच्या पुढे 60 चा वेग गाठला की स्टिअरिंग थरथरायचं. स्पीडब्रेकरवर मागचं डावं चाक मडगार्डाला चाटायचं. दुकानात नेली की तेच उत्तर: "जुनी गाडी आहे काका, पाटे बसले असतील." बॅलन्सिंगची वजनं बदलून द्यायचे आणि चहा पाजायचे.

शेवटी अंबड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या ओळखीच्या माणसाकडे गाडी नेली. त्याने चाक काढलं आणि आधी हबवरून सुमारे 10 मिलिमीटरचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी धातूची चकती) उचलून माझ्या हातात ठेवला. मला कोणी सांगितलंच नव्हतं की आत स्पेसर आहे. एमजीबीचे स्टड, म्हणजे नट बसतो ते हबवरचे बोल्ट, अर्धा इंची, इंचाला 20 आट्यांचे. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा, म्हणजे साधारण 10 आटे. स्पेसरमुळे नट जेमतेम चार-पाच आट्यांवर लटकला होता. ती थरथर कुठून यायची, ते आता कळलं.

मग त्याने चाक उलटं केलं. मागे रिमचं माप आणि ऑफसेट ओतलेलं असतं, ती जागा ग्राइंडरने घासून त्यावर रंग मारलेला. बोल्टच्या भोकांभोवती रंगाचा थर जरा फुगीर. त्याच्याकडे फॅब्रिकेशनच्या कामाचा डाय पेनेट्रंट (धातूतली बारीक तड दाखवणारा रंगीत द्रव) होता. तिथला रंग काढून लाल द्रव फवारला, थोडा वेळ थांबून पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. बघता बघता भोकाशेजारी लाल चंद्रकोर उमटली. मूळचं 100 पीसीडीचं, आजच्या हॅचबॅकला बसतं तसलं चाक. भोकं आर्गन वेल्डिंगने बुजवून 114.3 वर नव्याने पाडलेली. अलॉय चाकाला ताकद येते ती ओतल्यानंतरच्या उष्णतेच्या प्रक्रियेतून. तिथेच वेल्डिंगची आच दिली की धातू नरम पडतो, आणि सगळा भार नेमका तिथेच येतो. एका चाकाला केसाएवढी तड गेलेलीही दिसली.

टायरचं तर विचारूच नका. बनावटीची तारीख चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याच टायरांवर ती एकाच बाजूला असते. माझ्या चारही टायरांची ती बाजू आत वळवून बसवलेली. आडवं पडून मोबाइलचा टॉर्च मारला तर 3615. म्हणजे 2015 चा छत्तिसावा आठवडा, आणि मी खरेदी केली 2024 मध्ये. वरून पॉलिश मारून काळेभोर केलेले, पण खाचांच्या तळाशी बारीक भेगा.

तेव्हा फिटिंग सुरू होण्याआधी चाक जमिनीवर उलटं ठेवायला सांगा. माप घासलेलं दिसलं तर उठून या. टायरची तारीख स्वतः वाचा, तिचा फोटो काढा. नट हातानेच बसवायला लावा आणि आटे मोजा. गनने घर्रकन बसवला की काही कळत नाही. बिलावर रिमचं माप, पीसीडी, ऑफसेट आणि टायरचा आठवडा लिहून घ्या. नाही म्हणाला तर दुकान बदला. नाशिकमध्ये दुकानांचा तुटवडा नाही.

लेथवाल्याचे फोटो आणि ते अर्धवट बिल जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते. नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, "काका, कशाला वाढवता, दुसरा सेट देतो ना." त्याच गठ्ठ्यातला दुसरा सेट मला नको, पैसे परत हवेत, असं सांगून ठेवलंय.

आणि हो, एक्सचेंजच्या भानगडीत पडू नका. तो माझ्या रोस्टाइल चाकांचे प्रत्येकी 1,500 द्यायला तयार होता, वर "भंगारच आहे" म्हणत होता. एमजीबीच्या मूळ चाकांना किती मागणी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी ती दिली नाहीत, म्हणून गाडी आज रस्त्यावर तरी आहे.