रोजच्या ताणासाठी माइंडफुलनेस की दुसरे काही? सुरुवात करण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

रोजचा ताण कमी करण्यासाठी काहीतरी सुरू करावे असे ज्याने ठरवले आहे, त्याच्यापुढे साधारणपणे चार मार्ग येतात: माइंडफुलनेस म्हणजे सजगतेचा सराव, श्वासाच्या आणि स्नायू सैल करण्याच्या पद्धती, नियमित व्यायाम आणि समुपदेशन. या चारही मार्गांची भलामण जवळपास एकाच भाषेत केली जाते. मन शांत होईल, झोप सुधारेल, चिडचिड कमी होईल, अशी आश्वासने सगळीकडे सारखीच असल्यामुळे यांपैकी कोणताही एक उचलला तरी चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात हे मार्ग ताणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात, आणि आपला ताण नेमका कोणत्या टप्प्यावर रेंगाळतो हे ओळखल्याशिवाय केलेली निवड बहुधा दोन-तीन आठवड्यांत गळून पडते.

हे टप्पे एका प्रसंगावरून स्पष्ट होतील. रात्री नऊच्या सुमारास वरिष्ठांचा संदेश येतो: ‘उद्या सकाळी केबिनमध्ये या, बोलायचे आहे.’ पहिल्या काही मिनिटांत जे होते ते शरीरात होते. छाती धडधडते, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. त्यानंतर दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो अधिक लांबतो. कशाबद्दल बोलायचे असेल, मागच्या अहवालातली ती चूक त्यांच्या लक्षात आली असेल का, ते असे म्हणाले तर आपण काय म्हणायचे, याची मनातल्या मनात तालीम चालू होते आणि मध्यरात्र उलटली तरी ती थांबत नाही. तिसरा टप्पा या दोहोंच्या मागे असतो: असे संदेश आठवड्यातून तीनदा येतात, कारण कामाची वाटणीच बिघडलेली आहे. पहिल्या टप्प्यावर श्वास आणि स्नायूंच्या पद्धती लवकर उपयोगी पडतात, माइंडफुलनेसचे खरे काम दुसऱ्या टप्प्यावर आहे, आणि तिसऱ्या टप्प्यावर डोळे मिटून केलेला कोणताही सराव पुरेसा ठरत नाही.

सजगता आणि शिथिलीकरण

सर्वाधिक गोंधळ या दोन मार्गांमध्ये होतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. माणूस शांत बसलेला असतो, डोळे मिटलेले असतात, लक्ष श्वासावर असते. सूचना मात्र मुळातच वेगळ्या आहेत. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्यकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या स्नायू-शिथिलीकरणाच्या आज प्रचलित असलेल्या रूपात मूठ काही सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडून द्यायची आणि आवळलेपण व सैलपण यांतला फरक जाणवून घ्यायचा असतो. असे करत पायांपासून कपाळापर्यंत सगळे शरीर सैल करत न्यायचे. येथे उद्दिष्ट उघड आहे आणि ते साधले की नाही हे तेव्हाच कळते.

माइंडफुलनेसमधल्या बॉडी स्कॅनमध्येही लक्ष पायाच्या बोटांपासून वर वर नेले जाते, परंतु पोटरी आखडलेली आढळली तर ती सैल करा असे सांगितले जात नाही. ती आखडलेली आहे, कुठे जास्त आहे, कुठे कमी आहे, एवढे पाहायचे आणि पुढे जायचे. पुष्कळदा शरीर आपोआप सैल होते, पण तो मिळालाच तर मिळणारा लाभ आहे. ज्याला केवळ शांत वाटून घ्यायचे आहे तो माइंडफुलनेसला बसला की दर मिनिटाला ‘झालो का शांत?’ असे स्वतःला विचारत राहतो आणि उत्तर नकारार्थी आले की अधिकच वैतागतो. ‘मला ध्यान जमत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हवे असते शिथिलीकरण आणि ते करत असतात माइंडफुलनेस, असे माझे निरीक्षण आहे.

मग माइंडफुलनेस नेमके काय करते? रात्रीच्या त्याच संदेशाकडे परत जाऊ. सराव करणारा श्वासाकडे लक्ष देऊन बसतो आणि अर्ध्या मिनिटात केबिनमधल्या संभाषणाची तालीम पुन्हा चालू होते. ती चालू झाली आहे हे काही वेळाने त्याच्या ध्यानात येते, तो तिच्याशी वाद घालत नाही, तिला हाकलतही नाही, श्वासाकडे परत येतो. पुढच्या मिनिटात पुन्हा तेच होते. हे भरकटणे म्हणजे सरावातला व्यत्यय नव्हे, भरकटल्याचे ध्यानात येणे हाच सराव आहे. काही आठवड्यांनंतर फरक पडतो तो असा, की तालीम सुरू होणे आणि ती सुरू झाल्याचे कळणे यांतले अंतर कमी होत जाते. पूर्वी दोन तासांनी लक्षात येत होते ते दहा मिनिटांत येऊ लागते. संदेश आला की छातीत धस्स होणे मात्र बराच काळ टिकून राहते, आणि ज्याची अपेक्षा तेच थांबावे अशी असते त्याची निराशा होते.

त्यामुळे ज्याचा ताण मुख्यतः शारीरिक आहे, म्हणजे सादरीकरणापूर्वी हात थरथरतात, गर्दीच्या रस्त्यावर मान आखडते, त्याने श्वासापासून सुरुवात करावी हे बरे. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, लांबवत सोडायचा, अशी एक साधी पद्धत आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर, श्वासाचे तीन प्रकार आणि माइंडफुलनेस यांची तुलना केली होती. चिंता सर्वच गटांत कमी झाली, परंतु दिवसभराच्या मनःस्थितीतली सुधारणा श्वासाच्या गटांत, विशेषतः लांब उच्छ्वासाच्या या प्रकारात, अधिक आढळली. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणे ज्याला खरोखरच शक्य नाही, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. उलट, ज्याचे शरीर ठीक असते पण डोके थांबत नाही, त्याला श्वासाचा आराम पाच-दहा मिनिटे पुरतो आणि मग विचारांचे चक्र पुन्हा फिरू लागते. अशा माणसासाठी माइंडफुलनेस अधिक योग्य.

पुराव्यांचे वजन

माइंडफुलनेसच्या बाजूने बरेच संशोधन झाले आहे, पण ते सांगताना अतिशयोक्तीही बरीच होते. २०१४ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा होते, असा मध्यम बळाचा पुरावा त्यात मिळाला. ताण आणि जीवनमानाचा दर्जा यांबाबतचा पुरावा त्याहून दुबळा होता. व्यायाम, औषधे किंवा इतर वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरते असे मात्र कुठेही दिसले नाही. याचा अर्थ माइंडफुलनेस निरुपयोगी आहे असा होत नाही. ते इतर चांगल्या उपायांच्या पंक्तीत बसते, त्यांच्या वर नाही, एवढाच होतो.

२०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीचा हवाला अनेकदा दिला जातो. चिंताविकाराचे निदान झालेल्या २७६ प्रौढांपैकी एका गटाला एसिटालोप्रॅम हे औषध आणि दुसऱ्या गटाला माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला गेला, आणि अभ्यासक्रमाचा परिणाम औषधापेक्षा कमी ठरला नाही. ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या गटाने प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली पूर्ण अभ्यासक्रम केला होता आणि घरी रोज सरावही केला होता. झोपण्यापूर्वी ॲपवरची पाच मिनिटांची ध्वनिफीत ऐकणाऱ्याने तो निकाल आपल्या नावावर जमा करू नये. चालू असलेले औषध या चाचणीच्या भरवशावर परस्पर बंद करणे तर मुळीच योग्य नाही.

व्यायाम आणि समुपदेशन यांच्याशी तुलना

व्यायामाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल सुचवते. जो सध्या अजिबात हालचाल करत नाही त्याने माइंडफुलनेसच्या आधी तीच सुरू करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ताणाव्यतिरिक्त हृदय, झोप आणि रक्तातील साखर यांनाही तिचा लाभ होतो आणि स्थिर बसण्याची कसरत करावी लागत नाही. तिची मर्यादा एवढीच, की केबिनमधल्या संभाषणाची तालीम चालतानाही तितक्याच जोमाने करता येते. ज्याला तासभर चालून आल्यावर ‘आपण कोणत्या रस्त्याने आलो’ हेही आठवत नाही, त्याने चालण्याचीच दहा मिनिटे पावलांच्या स्पर्शाकडे लक्ष देत काढून पाहावीत.

समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा, रोख वेगळा असतो. ‘केबिनमध्ये बोलावले म्हणजे नोकरी जाणार’ हा विचार माइंडफुलनेसमध्ये केवळ विचार म्हणून पाहिला जातो. समुपदेशक मात्र तो खरा मानण्यास आधार काय, याआधी किती वेळा बोलावले आणि तेव्हा काय झाले, असे विचारत त्याची तपासणी करवून घेतो. एकच भीती वेगवेगळ्या रूपांत वर्षानुवर्षे छळत असेल, तर नुसते पाहण्यापेक्षा ही तपासणी अधिक फलदायी ठरते. झोप व भूक अनेक आठवडे बिघडली असेल, कामे खोळंबली असतील किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रश्न रोजच्या ताणाचा राहिलेला नाही. तेथे विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे.

माइंडफुलनेसच ठरले तर कोणत्या रूपात?

आज जगभर शिकवला जाणारा मूळ अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवसाचे मौन आणि घरी रोज सुमारे पाऊण तास सराव, असा त्याचा आराखडा आहे. पाऊण तास ही लहान मागणी नव्हे. ज्याच्याकडे वेळेचीच चणचण आहे त्याच्यासाठी हा अभ्यासक्रम काही काळ ताणात भरच घालतो, आणि चांगले शिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतात. त्याच्या मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात: प्रश्न विचारायला माणूस आणि न चुकता हजेरी लावायला लावणारा गट.

ॲप स्वस्त आणि सोयीचे असते, पण ते सोडून देणेही तितकेच सोयीचे असते. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपच्या प्रत्यक्ष वापराचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीस दिवसांनंतरही ॲप उघडणाऱ्यांचे मध्यांक प्रमाण केवळ ३.३ टक्के निघाले. ॲप घ्यायचेच असेल तर आधी त्यातला एकच दहा मिनिटांचा सराव निवडावा, तो ठरलेल्या एखाद्या सवयीला जोडावा आणि मालिका, पदके, सलग दिवसांची मोजणी हे सारे बंद करावे. सूचनांचा आवाज हाच ज्याच्या ताणाचा एक भाग आहे, त्याला आणखी एका सूचनेने शांत करण्याचा प्रयत्न विचित्रच म्हणावा लागेल. दहा दिवसांची विपश्यना शिबिरे हा तिसरा पर्याय म्हणून सुचवला जातो. संपूर्ण मौन आणि दिवसाला सुमारे दहा तास ध्यान अशी ती कठोर साधना आहे. तिचे मोल वेगळे; रोजच्या ताणावरचा पहिला उपाय म्हणून तिच्याकडे पाहणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांनी जपून जावे

ध्यानाचा कोणालाच त्रास होत नाही, हा दावा खरा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के सहभागींमध्ये प्रतिकूल अनुभव नोंदवले गेले, आणि त्यांत चिंता व नैराश्य वाढणे हे प्रमुख होते. पूर्वी मोठा आघात सोसलेल्यांना किंवा घबराटीचे झटके येणाऱ्यांना श्वासावर लक्ष केंद्रित करणे उलट अस्वस्थ करू शकते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळपायांवर किंवा खोलीतल्या आवाजांवर ठेवावे आणि शक्यतो शिक्षकाबरोबरच सुरुवात करावी. वर्ग निवडताना ‘सहभागीला त्रास होऊ लागला तर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न शिक्षकाला विचारावा. ‘असे कधी होतच नाही’ हे उत्तर मिळाले तर दुसरा वर्ग शोधावा.

तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न मात्र उरतोच. ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माइंडफुलनेस, ताण-व्यवस्थापन आणि तत्सम वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेल्यांची स्थिती भाग न घेतलेल्यांपेक्षा चांगली आढळली नाही. दोन माणसांचे काम एकाच्या गळ्यात असेल, तर कार्यालयाने दिलेल्या ॲपच्या सदस्यत्वाने ते काम हलके होत नाही. तेथे कामाच्या वाटणीबद्दल लेखी बोलणी करणे हाच उपाय आहे, आणि सजगतेचा सराव फार तर ती बोलणी करताना आवाज चढू न देण्याच्या कामी येईल.

निवड झाल्यावर आठ आठवड्यांची मुदत घालून घ्यावी आणि त्या काळात दुसरी पद्धत मध्येच आणू नये, नाहीतर कशाने काय झाले हे कळत नाही. बसल्यावर शांत वाटले की नाही याची नोंद ठेवू नये, कारण ती रोज बदलते. अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंत साधारण किती वेळ गेला आणि दिवसातून किती वेळा कोणावर तरी आवाज चढला, एवढ्या दोनच नोंदी आठवड्यातून एकदा कराव्यात. दोन्हींत काहीच हालचाल नसेल तर नवव्या आठवड्यात सजगतेचा सराव थांबवून चालण्याकडे किंवा समुपदेशकाकडे वळण्यास हरकत नाही.