ड्रेस्डेनची जुन्या चित्रांची गॅलरी: वाचणाऱ्या बायकांच्या चित्रांसाठी तिकीट काढावं का?

काढावं. गॅलरी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या त्स्विंगर राजवाड्यात आहे. राजवाड्याच्या तिकिटात पोर्सिलेनचा (चिनी मातीच्या भांड्यांचा) संग्रहही येतो, पण सुरुवात गॅलरीपासून करा. सोमवारी बंद असते.

सगळे धावतात ते डच चित्रकार व्हर्मीरच्या खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीकडे (साधारण 1657-59, 83 × 64.5 सेंमी). तिच्यामागची रिकामी भिंत आता रिकामी नाही. तिथे टांगलेल्या चित्रात मुखवट्यांवर पाय देऊन मदन (प्रेमदेव क्युपिड) उभा आहे. तो 1979 च्या क्ष-किरण तपासणीतच दिसला होता, पण व्हर्मीरनेच तो झाकला असावा असा समज होता. 2017 मध्ये कळलं की मदन आणि वरचा रंग यांच्यामध्ये व्हार्निश आणि धूळ आहे. म्हणजे रंगाचा हा थर चित्रकाराच्या मृत्यूनंतर (1675), कित्येक दशकांनी चढवलेला. रसायनाने पुसला असता तर खालचं मूळ व्हार्निशही गेलं असतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने खरवडला. 2021 मध्ये चित्र पुन्हा लागलं. जुन्या भिंतीची शांतता गेली, याची हळहळ रास्त आहे. पण पत्र प्रेमाचं आहे हे व्हर्मीरला लपवायचं नव्हतं, एवढं नक्की. पोस्टकार्ड किंवा प्रिंट घेताना मदन आहे ना ते बघा. जुनी छपाई अजून विकली जाते.

त्याआधी फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकचं 1437 चं तीन फळ्यांचं छोटंसं चित्र शोधा. घाईत हमखास सुटतं. उजव्या फळीवर संत कॅथरीन पुस्तकात गढलेली आहे. बाईच्या हातात ग्रंथ शोभायचा तो असा, संतपण अंगी असेल तर. दोनशे वर्षांनी व्हर्मीरच्या मुलीला ना संतपण लागतं ना धर्मग्रंथ.

शेवटी स्विस चित्रकार लिओटारने रंगवलेली त्याची पत्र वाचणारी भाची (1746). हे पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या रंगकांड्यांनी काढलेलं चित्र आहे. पेस्टलचे रंग उजेडाने उडतात, त्यामुळे अशा चित्रांवर प्रकाश मंदच ठेवतात. डोळे सरावेपर्यंत थांबा. तिला निवांत वाचू दिलंय. पुढच्या काही दशकांत मात्र जर्मन उपदेशक कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांच्या ‘वाचनवेडा’वर तुटून पडले.

एक उणीव राहतेच. आडवी पडून वाचणारी मॅग्डालीन (बायबलमधली संत), इटालियन चित्रकार कोरेज्जोच्या नावावरचं इथलं चित्र, दुसऱ्या महायुद्धापासून बेपत्ता आहे. तिच्या नकलाच पाहाव्या लागतात.