खरवडलेली ओळ आणि नऊ हजारांची ‘पहिली आवृत्ती’

इंदुरात जुन्या मराठी कादंबऱ्या जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रामबागेतल्या एका घरचा ग्रंथसंग्रह विकायला निघालाय, असं सांगून एका दलालाने मला १९६३ सालच्या एका गाजलेल्या कादंबरीची ‘पहिली आवृत्ती’ नऊ हजारांना विकली. खजुरी बाजारात भेटला, बोलायला फार गोड. पुस्तक प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद केलेलं. “काका, इथे धूळ फार. घरी जाऊन निवांत उघडा.” मुद्रणाच्या पानाचा फोटो त्याने व्हॉट्सॲपवर आधीच पाठवला होता, त्यात ‘पहिली आवृत्ती : १९६३’ स्वच्छ दिसत होतं. पैसे यूपीआयने जागेवरच घेतले.

घरी ते पान दिव्यासमोर धरलं. त्या ओळीच्या खाली कागद पातळ झालेला, उजेड आरपार येत होता. ब्लेडने खरवडलं होतं. ही पुस्तकं खिळे, म्हणजे धातूचे अक्षरांचे ठसे, जुळवून छापलेली. खिळा कागदात रुततो आणि मागच्या बाजूला उठून येतो. शाई खरवडली तरी तो दाब पुरता जात नाही. पान उलटून बोट फिरवलं, तर पुढे कोरी जागा आणि मागे अख्ख्या ओळीचा खडबडीतपणा लागला. नंतरच्या आवृत्तीची नोंद होती ती.

शिवाय प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड! पिनकोड आपल्याकडे सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्रेसष्टच्या पुस्तकावर ‘पुणे ३०’ असा नुसता विभाग हवा. वेष्टनाचा किंमतीचा कोपराही कापलेला होता, कारण आवृत्तीगणिक किंमत वाढते आणि तीच चुगली करते.

इंग्रजी कादंबऱ्या घेणाऱ्यांनी मुद्रणाच्या पानावरची आकड्यांची ओळ बघावी. तिच्यात उरलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई ते. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या १९९७ च्या पक्क्या बांधणीच्या पहिल्या छपाईत ही ओळ १० पासून १ पर्यंत आहे, आणि त्या प्रती निघाल्या अवघ्या ५००. रँडम हाऊस हे अमेरिकन प्रकाशन मात्र बरीच वर्षं ‘फर्स्ट एडिशन’ असं छापून ओळ २ वर संपवत असे, तेव्हा तिथे १ नाही म्हणून खरी प्रत हातची घालवू नका. अमेरिकन बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या काढलेल्या, प्रती तर सर्रास पहिल्या म्हणून खपवतात. त्यांच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर बहुधा किंमत नसते, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली कोपऱ्यात अनेकदा छोटासा खळगा दाबलेला असतो.

दलालाला फोन केला. “काका, फोटो बघूनच घेतलंत ना?” एवढं बोलून त्याने नंबर ब्लॉक केला. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. यूपीआयने दिले असतील तर १९३० ला लगेच, त्याच दिवशी फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं फार अवघड जातं.

संताप याचा येतो की एका धडधाकट जुन्या प्रतीवर त्याने ब्लेड चालवलं. तिच्या खऱ्या आवृत्तीची नोंद आता कायमची गेली. तोच फोटो देवास-उज्जैनच्या ओळखीच्यांनाही आलाय. तुम्हाला आला, तर पान उजेडासमोर धरून काढलेला फोटो मागा, आणि पत्त्याची ओळ झाकलेली नको म्हणून सांगा.