भूत शोधायचं किट : भूत सोडून बाकी बरंच काही सापडतं

ऑनलाइन ‘घोस्ट हंटिंग किट’ म्हणून जे मिळतं त्याचा हा रिव्ह्यू आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये. बॉक्समध्ये एक ईएमएफ मीटर (विजेच्या वस्तूंभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं), एक स्पिरिट बॉक्स, टेंपरेचर गन, छोटासा प्लँचेट बोर्ड आणि एक पातळ माहितीपुस्तिका. आत्मा असतो की नसतो याचं उत्तर हवं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, ते यातून मिळत नाही. पण चार वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं एका खोलीत बसवून हे चालू केलंत तर मात्र जाम मजा येते, आणि मी दिलेले स्टार त्याचेच आहेत.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण स्वामींचा भक्त, एक मैत्रीण पाच वेळची नमाज न चुकवणारी, एक दर रविवारी चर्चला जाणारी, एक पक्का नास्तिक आणि मी अशीच कुंपणावरची.

आता स्पिरिट बॉक्स म्हणजे काय, तर रेडिओच, फक्त तो कुठल्याच स्टेशनवर थांबत नाही, फ्रिक्वेन्सी भराभर पुढे सरकवत राहतो, त्यामुळे खरखरीच्या मधूनच कुणाच्या बोलण्याचा तुकडा, गाण्यातली अर्धी तान, जाहिरातीतलं एखादं अक्षर असं कायकाय कानावर येतं आणि आत्मे म्हणे या तुकड्यांतून उत्तरं देतात. आयडिया तशी जुनी आहे. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये फ्रीड्रिख युर्गेन्सन नावाच्या माणसाने पक्ष्यांचे आवाज टेप केले, आणि टेप परत ऐकताना त्याला त्यात माणसं बोलताना ऐकू आली, मग कॉन्स्टंटिन राउडिव्हने त्याचा ध्यासच घेतला आणि असल्या रेकॉर्डिंगचा ढीग लावला, आणि २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रँक सम्प्शनने हा न थांबणारा रेडिओ बनवला. आत्ताचे सगळे स्पिरिट बॉक्स त्याच घराण्यातले.

पुस्तिका सांगते की प्रश्न विचारा आणि ऐकू आलेलं लगेच मोठ्याने बोला. हे अजिबात करू नका! आम्ही उलटं केलं, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, एक तुकडा निवडला आणि प्रत्येकाने दुसऱ्याशी काही न बोलता आपापल्या फोनमध्ये टाईप करायचं ठरलं. तुकडा जेमतेम दोन अक्षरांचा, आधी खस्स आणि मग आ-म-ई असं काहीतरी. फोन उलटे केले तर एकाचं ‘स्वामी’, एकीचं ‘अम्मी’, चर्चवालीचं ‘आमेन’ आणि नास्तिकाने लिहिलेलं ‘आम्ही’. मी काहीच लिहिलं नव्हतं, मला नुसती खरखर. एवढे हसलो ना सगळे, की पुढचे दोन प्रश्न त्यातच वाहून गेले.

आणि गंमत अशी की यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. अर्धवट आवाज कानात शिरला की मेंदू तो तसाच ठेवत नाही, ओळखीचा शब्द शोधून भरून टाकतो, आणि ओळखीचा शब्द कुठला तर जो रोज तोंडात असतो तो. नंतर मी सगळ्यांना म्हटलं की आता ‘आम्ही’ आहे असं धरून ऐका, तर झटक्यात सगळ्यांना आम्हीच ऐकू यायला लागलं, अगदी मलासुद्धा. म्हणून तर ते लगेच मोठ्याने बोलणं वाईट, पहिला माणूस जे बोलतो तेच उरलेल्यांच्या कानात बसतं. स्वामीवाला तरी म्हणाला की असू दे, मला स्वामीच ऐकू आले, आणि अम्मीवाली म्हणाली ऐक की बाबा, कान तुझा आहे. या विषयावर इतकं समजूतदार वाक्य मी बऱ्याच मोठ्या मोठ्या चर्चांत ऐकलेलं नाही.

याच्या अगदी उलट ती पुस्तिका. सुरुवातीला ‘संरक्षणाची प्रार्थना’ म्हणून एक पान, ती एकाच धर्माची, ठीक आहे, ज्याने लिहिलं त्याची श्रद्धा. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की दुसऱ्या धर्माच्या वस्तू खोलीत ठेवू नका, त्याने दुष्ट शक्ती येतात. अरे काय हे? विकताना सगळ्या धर्मांच्या लोकांचे पैसे चालतात आणि आत हे. आम्ही ते पान बाजूला ठेवलं आणि ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हटलं, नास्तिक तेवढा वेळ शांत बसला. कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही.

ईएमएफ मीटरवर पाच दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत, लाल म्हणजे २० मिलीगॉसच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वर. आधी लाल लागला तेव्हा जरा धडधडलं, मग कळलं की भिंतीपलीकडे फ्रिज आहे. हे मीटर बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजतं, म्हणजे वायरिंग, मोटर, चार्जर, हातातला फोन, सगळ्याला दिवे लागतात, आणि ते एकाच दिशेने मोजतं त्यामुळे हातात नुसतं फिरवलं तरी आकडा बदलतो. भुताच्या सिरीयलमध्ये बघितलंत तर हात सारखा हलत असतो, आता कारण कळलं.

पुस्तिकेत असंही ठोकलंय की चुंबकीय क्षेत्राने ‘अलौकिक उपस्थिती’ जाणवते हे विज्ञानाने सिद्ध केलंय. रोख बहुतेक कॅनडातले संशोधक मायकल पर्सिंजर यांच्या हेल्मेटवर असणार, डोक्याला अगदी हलकं चुंबकीय क्षेत्र दिलं की लोकांना कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं असा त्यांचा दावा होता. पण २००५ मध्ये स्वीडनच्या पेर ग्रँक्विस्ट यांच्या टीमने तेच परत केलं, फक्त हेल्मेट चालू आहे की बंद हे लोकांनाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नाही, तर चालू-बंदने काहीच फरक पडला नाही. ज्यांच्यावर सूचनेचा पटकन परिणाम होतो त्यांना बंद हेल्मेटमध्येही जाणवलं. हे अर्थातच पुस्तिकेत नाही.

टेंपरेचर गन हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान मोजते, लाल ठिपका फक्त नेम धरायला. त्यामुळे ‘कोल्ड स्पॉट’ म्हणजे बहुतेक वेळा खिडकीची काच. प्लँचेटवर जास्त बोलत नाही, डोळे बांधा, बोर्ड गुपचूप फिरवा, सोंगटी जिथे आधी अक्षर होतं तिकडेच जाते. शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५३ मध्येच टेबल हलवणाऱ्या आत्म्यांचा असा निकाल लावला होता, हलवत होते ते टेबलाभोवती बसलेलेच, फक्त त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

खरंच भुताटकीचा तपास करायचा असेल तर या किटमध्ये कार्बन मोनॉक्साईड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म पाहिजे होता. १९२१ मध्ये एका नेत्रतज्ज्ञाने अमेरिकेतल्या एका घराची हकीकत छापली होती, पावलांचे आवाज, डोकेदुखी, रात्री दिसणाऱ्या आकृत्या, आणि शेवटी निघाली घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी, तिचा धूर घरात पसरत होता. दुसरं म्हणजे कानाला ऐकू न येणारा खालचा आवाज. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाच्या इंजिनिअरला लॅबमध्ये डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली, तिथे क्लँपमध्ये लावलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं तेव्हा शोध घेतला आणि पंख्यामुळे तयार होणारी १९ हर्ट्झच्या आसपासची लहर सापडली, १९९८ मध्ये त्याने ते लिहून काढलं. सगळी भुतं पंख्यात असतात असं मी म्हणत नाही, पण निदान पंखा आधी तपासा ना.

एक गोष्ट मात्र सिरीयसली. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हे खोकं त्या माणसासमोर उघडूसुद्धा नका. गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटणं हे वेड नाही आणि दुर्मिळ तर अजिबात नाही. १९७१ मध्ये वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून लिहिलं की जवळपास निम्म्यांना असा अनुभव आला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तो कुणालाच सांगितलेला नव्हता. तो अनुभव ज्याचा त्याचा, कुणी त्याला देवाची कृपा म्हणेल, कुणी मनाचा खेळ म्हणेल, पण खरखरणाऱ्या रेडिओतून ‘बाबा आहेत का’ विचारायला लावणं म्हणजे त्या माणसाची चेष्टा आहे. पाकिटावर ‘आपल्या लाडक्यांशी संपर्क साधा’ असं छापलंय म्हणून एक स्टार तिथेच कापला.

बाकी प्लॅस्टिक हलकं आहे, बॅटरीचं झाकण लूज, स्पीकर छोटा आहे पण चालतो. पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन स्पिरिट बॉक्सचे. प्लँचेट पोरांनी कॅरमच्या खाली लावलाय. मीटर मी ठेवून घेतलंय, भिंतीत वायर कुठून गेलीय त्याचा थोडाफार अंदाज येतो, पण त्या वायरमधून करंट चालू असेल तरच, त्यामुळे त्याच्या भरवशावर ड्रिल मारू नका.