ख्रिस्ती कादंबरीकारांची परिषद: काही महिन्यांनंतर हाती काय उरलं?

अमेरिकेत भरलेल्या एका ख्रिस्ती कथा-कादंबरीकारांच्या परिषदेला लेखिका म्हणून गेले होते, त्याला आता बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच उतरलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

आपल्या साहित्य संमेलनाचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर आधी ते पुसा. ग्रंथदिंडी नाही, अध्यक्षीय भाषण नाही, ठराव नाहीत. सकाळी प्रार्थना आणि गाणी, मग दिवसभर वर्ग: संवाद, निवेदन, करारातली कलमं. आणि बहुतेक जण जिच्यासाठी पैसे मोजतात ती संपादक किंवा एजंटशी (म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणाऱ्या मध्यस्थाशी) पंधरा मिनिटांची भेट.

या भेटीला एवढा भाव का, तर तिथल्या बऱ्याच मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित बघतसुद्धा नाहीत. समोरच्या संपादकाने ‘पाठवा’ म्हटलं की तेवढ्यापुरती ही अट सुटते. मला एका संपादकाने आणि एका एजंटने ‘पाठवा’ म्हटलं. संपादकाचा नकार काही महिन्यांनी आला, सभ्य आणि दोन ओळींचा. एजंटकडून आजतागायत अवाक्षर नाही. ‘पाठवा’ हा शब्द तिथे फार सढळ हाताने वाटतात, असं माझं मत झालंय. तेव्हा केवळ पुस्तक विकायला जाणार असाल तर माझ्याकडून पाचपैकी दोन तारे.

बाकीचे तारे बाजार समजला म्हणून. १९७९ साली बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने जॅनेट ओक यांची पहिली कादंबरी काढली आणि ती इतकी खपली की ख्रिस्ती प्रकाशक कादंबरीकडे गांभीर्याने बघू लागले. ऐतिहासिक प्रेमकथांचं तिथलं वजन अजून टिकून आहे. शिव्या चालत नाहीत, शय्यागृहाचं दार बंद. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही ख्रिस्ती मालिका एजंटशिवायही हस्तलिखितं घेते, पण साधारण ५५,००० शब्दांत सगळं बसवायचं. श्रद्धेबाबत शंकेखोर असलेली माझी नायिका शेवटच्या पानापर्यंत शंकेखोरच राहते. हे कुठे अडणार, ते मला तिथल्या जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटांत कळलं. घरी बसून कळलं नसतं.

‘प्रवचन नको, गोष्ट सांगा’ हे प्रत्येक वर्गात ऐकलं. मला सारखे आपले ख्रिस्ती कादंबरीकार बाबा पदमनजी आठवत होते. १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’त धर्म अगदी उघड आहे, पण लक्षात राहतात ते विधवांचे हाल. असो.

आज खरोखर उपयोगी पडतंय ते वेगळंच. तिथे ओळख झालेल्या दोघी आणि मी एकमेकींची प्रकरणं वाचतो. त्यांतली एक इतकी निर्दयपणे खोडते की मी तिची मेल रात्री उघडत नाही. माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा सुधारला तो तिच्यामुळे. न छापलेल्या लेखकांसाठी अमेरिकन ख्रिश्चन फिक्शन रायटर्स या संस्थेची ‘जेनेसिस’ स्पर्धाही बघा. त्यात परीक्षकांचे शेरे हातात मिळतात. माझ्या मते पंधरा मिनिटांच्या गोड बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

खर्चात नोंदणीपेक्षा हॉटेल जड जातं, खोली वाटून घ्या. आणि पहिली कादंबरी पुरी झाली नसेल तर भेटीची वेळ घेऊच नका. ‘लिहून झालीय का?’ हे लगेच विचारतात.