जेटस्कीचा ट्रेलर: खाऱ्या पाण्यातले नऊ महिने

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर हा ट्रेलर पहिल्यांदा पाण्याला लागला. आता मे चालू आहे. दर दोन आठवड्यांनी दहिसर ते उत्तन एक फेरी आणि मध्ये दोनदा पेणमार्गे अलिबाग, एवढा वापर झाला. आमची जेटस्की (पाण्यावर चालणारी स्कूटर, पुढे नुसतं स्की म्हणतो) तीन जणांची, जुनी घेतलेली, साडेतीनशे किलोच्या आसपास. ओढायला बोलेरो. ट्रेलर बनवायचा विचार असलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण मला सुरुवातीला कोणीच नीट सांगितलं नाही.

हा माझा दुसरा प्रयत्न. पहिला ट्रेलर मी मानखुर्दच्या एका वर्कशॉपमध्ये चौकोनी बॉक्स पाइप वापरून बनवून घेतला होता. दिसायला सुरेख. वरून प्रायमरचे दोन हात, त्यावर रंग. तो रस्त्यावर कधी आणलाच नाही, ओळखीच्या यार्डात धक्क्याच्या उतारावर स्की खाली-वर करायला वापरला. एका हंगामात पाइप आतून खाऊन गेला. बाहेरचा रंग शाबूत, आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार! बॉक्स पाइपच्या आत खारं पाणी शिरतं आणि तिथेच राहतं, तिथे ना ब्रश पोहोचतो ना धुण्याचा पाइप. समुद्रासाठी उघडा सी-चॅनलच (एक बाजू मोकळी असलेली, इंग्रजी C च्या आकाराची लोखंडी पट्टी) घ्या. त्यात पाणी साचत नाही आणि गंज धरलाच तर डोळ्यांना दिसतो.

आता कागदांचं. मोटर वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याला स्वतःचा नंबर लागतो. गाडीचा नंबर मागे लावला की झालं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. प्रत्यक्षात दोन्ही नंबर लागतात: ट्रेलरचा स्वतःचा त्याच्या बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा मागच्या टोकाला. म्हणजे उद्या भावाच्या गाडीला ट्रेलर जोडला तर मागची पाटी बदलायची.

घरी वेल्डिंग करून थेट नंबर मागायला गेलं की आडवा येतो केंद्रीय मोटर वाहन नियमांतला 126 क्रमांकाचा नियम. वाहनाच्या मॉडेलचा नमुना आधी अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडे पुण्याची एआरएआय, सीआयआरटी या त्यातल्या संस्था. एकाच ट्रेलरसाठी एकट्या माणसाने तेवढं करणं पैशांत आणि वेळात परवडणारं नाही. शिवाय नोंदणीच्या अर्जासोबत, म्हणजे फॉर्म 20 सोबत, विक्रीचा फॉर्म 21 आणि बनवणाऱ्याचा फॉर्म 22 लागतो. स्वतःच बनवलेल्या वस्तूला हे दोन कागद देणार कोण?

म्हणून मी मधला रस्ता घेतला. ज्याच्या मॉडेलला मंजुरी आहे अशा बनवणाऱ्याकडून मोकळी चासी घेतली: चाकं, पाटे (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या), दिवे, 50 मिमी बॉलचा कपलर (गाडीमागच्या बॉलवर बसणारा जोड), बस. स्की ज्यावर बसते ती चौकट माझी. ती चासीवर फक्त बोल्टने बसवली, चासीला एकही भोक नवीन पाडलं नाही की वेल्डिंगचा एक टाका मारला नाही. नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल परस्पर करता येत नाही, त्यामुळे ही काळजी घ्याच. नंबर आल्यावर गाडीच्या विम्यातही ट्रेलरची नोंद करून घेतली. सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार गेले, त्यात नोंदणी आणि विमा आला.

चासी बनवणाऱ्याला एकच अट घातली होती: रंग नको, जस्तात बुडवून द्या. माझी चौकट मी स्वतः तळोज्याला गॅल्व्हनायझिंगला नेली. तिथे एक गोष्ट शिकलो. चौकटीत पुढचा एक आडवा दांडा पाइपचा होता, दोन्ही टोकं बंद. त्यांनी तो तसा घ्यायला साफ नकार दिला. वितळलेलं जस्त 450 अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपातली हवा आणि ओल तापून फुगली की पाइप फुटतो आणि कामगारांच्या अंगावर जस्त उडतं. दोन्ही टोकांना भोकं पाडून दिली तेव्हाच काम झालं. तुमच्या आराखड्यात एखादा बंद पाइप असेल तर भोकं आधीच पाडून न्या. आणि जी काही भोकं, वेल्डिंग, घासाघासी करायची ती बुडवण्याआधी. नंतर ड्रिल मारलं की त्या जागेचं जस्त गेलं.

स्की दोन सागवानी फळ्यांवर बसते, फळ्यांना मरीन कार्पेट. विंचवर (स्की ओढून वर घ्यायच्या चरकावर) आधी मुंबईच्या दारूखाना भागातल्या बाजारातून आणलेला तारेचा दोर होता. तीन महिन्यांत त्याची एकेक तार उसवायला लागली आणि हाताला टोचू लागली. आता रुंद विणलेला पट्टा आहे, तो बरा. मागून दोन पट्टे वेगळे बांधतो. नुसत्या विंचच्या भरवशावर स्की रस्त्यावर नेऊ नका.

पहिल्या फेरीत दहिसर सोडलं आणि साठच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागला. मी घाबरलो, हळूच वेग कमी केला, बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या काट्यावर ट्रेलरचं नाक, म्हणजे कपलरचं पुढचं टोक, ठेवून वजन केलं: 22 किलो. स्कीसकट सगळं वजन 540 किलो. नाकावर साधारण दहावा हिस्सा तरी भार यायला हवा, नाहीतर मागचं वजन ट्रेलरला झुलवतं. एक्सल हलवता येत नव्हता, पण चौकट बोल्टवर होती, ती पुढे सरकवली. नाकावर 52 किलो आले आणि झुलणं पूर्ण थांबलं. अलिबागला जाताना वडखळच्या खड्ड्यांतही ट्रेलर सरळ राहिला.

सगळ्यात जास्त त्रास बेअरिंगने दिला. नोव्हेंबरमध्ये उत्तनहून परतताना भाईंदरला चहाला थांबलो, हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) हाताला चटका देत होता. उघडून पाहिलं तर ग्रीस दुधासारखं पांढरं. घरून थेट येऊन गरम हब थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आता पोहोचल्यावर वीस मिनिटं थांबतो, पट्टे सोडतो, दिव्यांची पट्टी काढून गाडीत ठेवतो, तोवर हब निवतात. ग्रीस मरीनचं, दर दोन महिन्यांनी नवीन. दिव्यांसाठी अर्थची तार वेगळी ओढली आहे. चासीवरून अर्थ घेतला असता तर मिठाने तो जोड पहिला खाल्ला असता.

चाकं पाण्यात कमी बुडावीत म्हणून वेळ साधणंही आलं. उत्तनच्या एका कोळी काकांनी मला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण नऊ महिन्यांत मी त्याच्यावर दिवस ठरवले आणि कधी फसलो नाही. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला उताराचं खालचं टोक शेवाळ आणि चिखलात जातं, तिथे बोलेरोचीही चाकं घसरतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवशी पाणी फार हलत नाही, नवशिक्याने ट्रेलर मागे घ्यायची सवय तेव्हाच करावी.

धुण्याबद्दल दोन शब्द. सोसायटीत नळाखाली अर्धा तास पाणी सोडणं मला बरोबर वाटत नाही. बागेत फवारायचा पंप असतो ना, तो आठ लिटरचा गोड्या पाण्याने भरून यार्डातच ट्रेलर धुतो. पाट्यांच्या मधल्या फटींत आणि कपलरच्या आत नोझल घालून धुवायचं. तरीही पाट्यांच्या फटींत गंज आलाय. पुन्हा घ्यायचा झाला तर पाट्यांऐवजी रबराचा टॉर्शन एक्सल (धक्के आतल्या रबरावर झेलणारा) असलेली मंजूर चासी शोधेन, थोडे जास्त पैसे पडले तरी.

पार्किंगसाठी दुसरी जागा भाड्याने घ्यावी लागली, ट्रेलर पूर्ण एका गाडीची जागा खातो. हे आधीच सोसायटीत बोलून घ्या.

जस्त मात्र जिंकलं. पाटे सोडले तर चासीवर आणि चौकटीवर अजून कुठेही लाल डाग नाही. फक्त चौकटीचे बोल्ट मी स्टेनलेसचे टाकले होते, त्यांच्या भोवती जस्त पांढरं पडून झिजू लागलंय. ओल्या मिठात दोन वेगळे धातू चिकटून राहिले की जस्त आधी जातं. नागदेवी स्ट्रीटवरून गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आणून ठेवलेत. पावसाळ्यात स्की बंदच असते, तेव्हा चाकं काढून ट्रेलर विटांवर चढवीन आणि सोळाच्या सोळा बोल्ट बदलीन.